‘द यू. एस. अँड द होलोकॉस्ट’ : चाळीस मिनिटांचे वेचे आणि साडेसहा तासांची मालिका

केन बर्न्स, लिन नोव्हिक आणि सारा बॉटस्टीन या तिघांनी दिग्दर्शित केलेली ‘द यू. एस. अँड द होलोकॉस्ट’ ही तीन भागांची माहितीपट-मालिका अमेरिकेतील पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर १८ सप्टेंबर २०२२ पासून दाखवली गेली. प्रसारणाच्या आधी अमेरिकेतील अनेक शहरांमध्ये तिचे वेचे प्रेक्षकांसमोर दाखवून त्यांवर चर्चा घडवण्यात आली. न्यू जर्सीतील अशाच एका संध्याकाळी मी प्रेक्षकांत होते. पुढे एका महाविद्यालयाच्या सभागृहात हीच मालिका रोज एक भाग याप्रमाणे संपूर्ण दाखवली गेली, तेव्हाही मी आवर्जून गेले. मालिकेविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. पण ती लोकांसमोर कशी मांडली गेली याविषयीही तितकेच लिहायला हवे असे मला वाटते, कारण या दोन कार्यक्रमांत जे अंतर पडले त्याचा मालिकेच्या विषयाशी थेट संबंध आहे.

नाझी राजवटीने आणि तिच्या साथीदारांनी साठ लाख ज्यूंची हत्या केली, तो हा होलोकॉस्ट. त्यावर आजवर असंख्य माहितीपट निघाले आहेत. बहुतेकांचा रोख मारणाऱ्यांवर किंवा मारल्या गेलेल्यांवर असतो. ही मालिका तिसऱ्या बाजूला वळते. समुद्रापलीकडे बसून वर्तमानपत्रे वाचणारी, रेडिओ ऐकणारी, निवडणुकांत मत देणारी अमेरिकन जनता आणि तिचे सरकार यांना १९३३ पासून नेमके किती कळत होते, कळल्यावर त्यांनी काय केले आणि काय करायचे टाळले, हा या साडेसहा तासांचा विषय आहे. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयात २०१८ मध्ये याच प्रश्नावर एक मोठे प्रदर्शन सुरू झाले होते आणि त्यातून या मालिकेला चालना मिळाली. दुरून पाहणाऱ्यांविषयीची मालिका सभागृहात शेकडो अनोळखी माणसांबरोबर बसून पाहताना आपल्या शेजारचा माणूस कुठे हलतो, कुठे गप्प होतो आणि कुठे मान खाली घालतो, हे आपोआप कळत जाते. घरी दिवाणखान्यात बसून हीच मालिका पाहिली तर माहिती तेवढीच मिळते, पण हे दुसरे काही मिळत नाही.

पहिल्या कार्यक्रमाची व्यवस्था बहुतांशी चोख होती. प्रवेश विनामूल्य होता, मात्र आधी नाव नोंदवणे आवश्यक होते. दारावर पिशव्यांची तपासणी झाली आणि त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही. पडद्यावर इंग्रजी उपशीर्षके होती, त्यामुळे ऐकायला कमी येणाऱ्या ज्येष्ठांची मोठी सोय झाली. ध्वनिव्यवस्था तर उत्तमच होती आणि या मालिकेच्या बाबतीत ती बाब किरकोळ नाही. बर्न्स यांच्या शैलीत एखादे स्थिर छायाचित्र पडद्यावर बराच वेळ राहते, कॅमेरा त्यातल्या एका चेहऱ्याकडे सावकाश सरकतो आणि त्यावर कोणाचे तरी जुने पत्र वाचले जाते. पत्रातला एक शब्द जरी निसटला तरी ते छायाचित्र मुके होऊन जाते. निवेदक पीटर कोयोट यांचा संथ, खालच्या पट्टीतला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचत होता.

अडचण होती ती कार्यक्रमाच्या आखणीत. स्वागत, आभार, देणगीदारांचा उल्लेख आणि प्रास्ताविक यांत बराच वेळ गेला. त्यानंतर मालिकेतले सुमारे चाळीस मिनिटांचे वेचे दाखवले गेले आणि मग मान्यवरांची चर्चा सुरू झाली, ती वेच्यांपेक्षा लांबली. वेचे निवडताना बहुधा जे भाग सर्वाधिक परिणाम करतील तेच घेतले असावेत : निर्वासितांचे परत पाठवलेले जहाज, मुक्त झालेल्या छळछावण्यांतली दृश्ये आणि आजच्या अमेरिकेपर्यंत येऊन पोहोचणारा शेवटचा चित्रमालेचा भाग. हे सगळे पाहून माणूस हादरतो यात शंका नाही. पण आपण कशामुळे हादरलो हे त्याला नीट सांगता येत नाही. चर्चेच्या वेळी प्रेक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांत ते स्पष्ट दिसले. एकामागून एक प्रश्न राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याविषयी आले : त्यांनी असे का केले नाही, ते मनातून ज्यूद्वेष्टे होते का. सूत्रसंचालकांनी चर्चा लवकरच चालू राजकारणाकडे वळवली आणि उरलेला वेळ त्यातच गेला. जणू एका माणसाच्या मनात डोकावले असते तर सगळे उलगडले असते, अशी समजूत करून घेऊन लोक घरी गेले असतील, तर तो दोष मी त्यांना देणार नाही.

संपूर्ण मालिकेत ही समजूत टिकत नाही, कारण तिची सुरुवातच कायद्यापासून होते. पहिला भाग प्रेक्षकाला एकोणिसाव्या शतकात मागे नेतो. १८८२ मध्ये चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले. पुढे ‘वंशशुद्धी’चे तथाकथित शास्त्र विद्यापीठांत आणि प्रतिष्ठितांच्या बैठकींत रुजले, मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांच्या वृत्तपत्राने ज्यूंविरुद्ध मजकुरांची मालिकाच चालवली आणि १९२४ मध्ये जॉन्सन-रीड कायदा आला. त्या कायद्याने प्रत्येक देशाला कोटा ठरवून दिला. तो ठरवताना १८९० च्या जनगणनेचा आधार मुद्दाम घेतला गेला, कारण पूर्व आणि दक्षिण युरोपातले लोक मोठ्या संख्येने त्यानंतर आले होते. पुढे स्थिरावलेल्या आकड्यांप्रमाणे जर्मनीला वर्षाला सुमारे सव्वीस हजार जागा मिळाल्या, तर ज्या पोलंडमध्ये तीस लाखांहून अधिक ज्यू राहत होते त्याला जेमतेम साडेसहा हजार. हिटलर सत्तेवर येण्याच्या नऊ वर्षे आधीच हा कायदा झाला होता.

भारतीय प्रेक्षकाने येथे क्षणभर थांबायला हवे. याच कायद्याने आशियातील लोकांना जवळजवळ पूर्ण बंदी केली. भारतीयांना तर १९१७ च्या कायद्यानेच वगळलेले होते आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वासाठी अपात्र असल्याचा निकाल दिला होता. १९४६ मध्ये भारताला कोटा मिळाला तो वर्षाला शंभर माणसांचा. आज न्यू जर्सीत गणपती बसवणारी, दिवाळी अंकांची देवाणघेवाण करणारी जी मराठी वस्ती आहे, ती १९६५ मध्ये ही कोटापद्धत मोडीत निघाल्यामुळेच येथे येऊ शकली. मालिका भारतीयांविषयी बोलत नाही, तो तिचा विषयही नाही. पण तिचा पहिला भाग पाहताना आपल्याही इतिहासाचा एक तुकडा समोर येतो.

पुढची यंत्रणा मालिका फार बारकाईने उलगडते आणि माझ्या मते तिचे सर्वांत मोठे बळ येथे आहे. कोट्यात जागा असली तरी व्हिसा मिळेलच असे नव्हते. अर्जदार ‘सार्वजनिक भार’, म्हणजे सरकारी मदतीवर जगणारा, होणार नाही याची खात्री वकिलातीतील अधिकाऱ्याला पटावी लागे. महामंदीच्या काळात, १९३० मध्ये, या अटीचा अर्थ आणखी कडक केला गेला. त्यासाठी अमेरिकेतील कोणीतरी हमीपत्र द्यावे लागे आणि त्यात स्वतःचे उत्पन्न, बँकेतील शिल्लक, कराची कागदपत्रे उघड करावी लागत. दुसरीकडे जर्मनीतून बाहेर पडण्यासाठी तिथले कर भरल्याचे दाखले, पोलिसांचा दाखला, जहाजाचे तिकीट, वाटेतल्या देशांचे परवाने हे सगळे एकाच वेळी वैध असावे लागे. एकाची मुदत संपली की बाकीचे पुन्हा पहिल्यापासून. याचा परिणाम असा झाला की नाझी राजवटीच्या पहिल्या काही वर्षांत जर्मनीचा कोटा एकदाही पूर्ण भरला नाही आणि १९३९ च्या मध्यापर्यंत प्रतीक्षायादी तीन लाखांच्या वर गेली. डोरोथी थॉम्पसन या अमेरिकन पत्रकर्तीने त्या काळी लिहिले होते की हजारो माणसांच्या बाबतीत शिक्का मारलेला एक कागद हाच जीवन आणि मृत्यू यांमधला फरक ठरला आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी हमीपत्रे भरली आहेत, रांगेत वर्षानुवर्षे काढली आहेत, ‘सार्वजनिक भार’ हा रकाना वाचला आहे. आपली रांग गैरसोयीची असते आणि त्यांची प्राणांतिक होती, हे अंतर विसरता कामा नये. तरीही कागदाची ती भाषा ओळखीची असल्यामुळे आपल्याला ही मालिका अधिक लवकर आणि अधिक खोलवर कळते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

गुंथर स्टर्न यांची हकीकत या यंत्रणेचे काम एका घरापुरते दाखवते. हिल्डेसहाइम या जर्मन गावातला हा मुलगा १९३७ मध्ये, पंधराव्या वर्षी, सेंट लुइसमध्ये राहणाऱ्या मामांकडे एकटा पाठवला गेला. मागे राहिलेल्या आईवडिलांसाठी, भावासाठी आणि बहिणीसाठी हमी देणारा कोणीतरी अमेरिकेत शोधायचा, हे काम त्याच्यावर येऊन पडले. तो पोरवयात अनोळखी लोकांपुढे हात पसरत हिंडला. अखेर एक माणूस तयार झाला. पण तो जुगारावर पैसे मिळवणारा होता आणि असा हमीदार चालणार नाही असे सांगून कायद्याचे काम पाहणाऱ्या वकिलाने ते प्रकरण पुढे जाऊ दिले नाही. गुंथरच्या घरातले कोणीही वाचले नाही. तो स्वतः पुढे अमेरिकन सैन्यात भरती होऊन जर्मन युद्धकैद्यांची चौकशी करणारा सैनिक झाला आणि नंतर जर्मन साहित्याचा प्राध्यापक. मालिकेत आपल्याला भेटतात ते शंभरीच्या उंबरठ्यावरचे, नीटनेटक्या पोशाखातले, शब्द तोलून वापरणारे स्टर्न. ते हे सगळे आवाज न चढवता सांगतात. सभागृहात या प्रसंगी कोणी हुंदका दिला नाही. माझ्या पुढच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ मात्र मुठी आवळून बसले होते आणि पुढचा प्रसंग सुरू होऊन बराच वेळ झाला तरी त्यांच्या मुठी सुटल्या नव्हत्या. पहिल्या कार्यक्रमाच्या वेच्यांत स्टर्न नव्हते.

लेखक डॅनियल मेंडेलसोन यांनी आपल्या आजोबांच्या भावाविषयी सांगितलेली कथाही अशीच ठसते. श्मिएल येगर तरुणपणी अमेरिकेत येऊन गेले होते. त्यांना हा देश आवडला नाही, ते बोलेखोव (आज युक्रेनमध्ये) या आपल्या गावी परतले, धंद्यात जम बसवला आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या नातेवाइकांना पत्रांवर पत्रे लिहून बायको आणि चार मुली यांच्यासह बाहेर काढण्याची विनवणी करू लागले. सहाही जण मारले गेले. ॲन फ्रँकचे वडील ओटो फ्रँक यांच्याकडे तर ओळखी होत्या, पैसा होता आणि अमेरिकेत नेथन स्ट्राउस यांच्यासारखा वजनदार मित्र होता. त्यांच्या अर्जाचे कागद मे १९४० मध्ये रॉटरडॅमवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात जळून गेले. १९४१ मध्ये त्यांनी नव्याने प्रयत्न केले, तोवर नियम आणखी बदलले होते आणि व्याप्त प्रदेशातील अमेरिकन वकिलाती बंद झाल्या होत्या. ॲन फ्रँकची दैनंदिनी वाचलेल्या मराठी वाचकांची संख्या मोठी आहे, पण ती मुलगी अमेरिकेत वाढू शकली असती, तिच्या वडिलांनी त्यासाठी रीतसर धडपड केली होती, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसते. ॲनची बालमैत्रीण एव्हा श्लॉस या मालिकेत स्वतः बोलतात.

आता त्या जहाजाविषयी, कारण दोन्ही कार्यक्रमांत दिसलेल्या प्रसंगांपैकी तो एक होता. ‘सेंट लुइस’ हे जहाज १३ मे १९३९ रोजी हॅम्बुर्गहून ९३७ प्रवाशांना घेऊन निघाले. हवानाला पोहोचल्यावर क्यूबाच्या सरकारने मोजक्याच लोकांना उतरू दिले. जहाज फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळून गेले, प्रवाशांना मायामीचे दिवे दिसत होते, पण अमेरिकेने परवानगी दिली नाही आणि जहाज युरोपला परतले. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनी प्रवासी वाटून घेतले. त्यांतले २५४ जण पुढे होलोकॉस्टमध्ये मारले गेले. पहिल्या कार्यक्रमात हा प्रसंग पाहून सभागृहात संताप पसरला आणि तो थेट रूझवेल्ट यांच्यावर गेला. पूर्ण मालिकेत त्याच प्रसंगाच्या आधी आपण त्या तीन लाखांच्या प्रतीक्षायादीविषयी ऐकलेले असते. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, जाळली गेल्यानंतर घेतलेल्या गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत ९४ टक्के अमेरिकनांनी नाझींच्या वागणुकीचा निषेध केला आणि त्याच वेळी सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी जर्मनीतून अधिक ज्यूंना येऊ द्यायला नकार दिला, हेही आपल्याला माहीत झालेले असते. कोट्याबाहेर वीस हजार मुलांना आणण्याचे वॅग्नर-रॉजर्स विधेयक मतदानापर्यंतसुद्धा पोहोचले नाही, हेही आपल्यासमोर येते. त्यामुळे महाविद्यालयाच्या सभागृहात ते जहाज वळताना दिसले तेव्हा संतापाला एकच एक धनी उरला नव्हता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि तिच्यासाठी साडेसहा तास लागत असतील तर ते द्यायलाच हवेत.

पूर्ण प्रयोगाच्या आयोजकांनी काही साध्या गोष्टी केल्या, त्यांची नोंद इथे घेते. सुरुवातीला भाषणे नव्हती. एका प्राध्यापिकेने दोन-तीन मिनिटांत त्या दिवसाच्या भागाचा कालखंड सांगितला, कोणत्या टप्प्यावर प्रेतांची आणि गोळीबाराची दृश्ये येतात ते आधीच स्पष्ट केले आणि ज्यांना ती पाहायची नसतील त्यांनी निःसंकोच बाहेर जावे असे सांगितले. पहिल्या कार्यक्रमात ही सूचना नव्हती आणि छावण्यांची दृश्ये अचानक आली तेव्हा दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन आलेले एक कुटुंब घाईघाईने उठून गेले. भाग संपल्यावर दिवे सावकाश लावले गेले, लगेच कोणी माईक हातात घेतला नाही. प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून मागवले होते. त्यामुळे भाषण ठोकणाऱ्यांना वाव राहिला नाही आणि एरवी जे उठून बोलले नसते त्यांचेही प्रश्न वाचले गेले. पहिल्या संध्याकाळच्या चिठ्ठ्यांमध्ये व्हिसा, वकिलाती, हमीपत्रे यांविषयीचे प्रश्न सर्वाधिक होते, रूझवेल्ट यांच्याविषयी फारच थोडे. आसने मात्र लाकडी आणि अरुंद होती आणि दोन तासांहून अधिक चालणाऱ्या भागाला मध्यंतर नव्हते, ते ज्येष्ठांना जड गेले. मध्यंतर दिल्यास परिणाम उणावेल अशी आयोजकांची भीती असेल, पण दहा मिनिटांच्या विश्रांतीने ही मालिका कमकुवत होत नाही.

एक क्षण मला विशेष लक्षात राहिला. परराष्ट्र खात्यातील ब्रेकिन्रिज लाँग यांच्याकडे व्हिसांचा कारभार होता. जून १९४० मधील एका टिपणात त्यांनी लिहिले की कायदा न बदलताही निर्वासितांचे येणे थांबवता येईल. वकिलातींना इतकेच सुचवायचे की त्यांनी वाटेत प्रत्येक अडथळा उभा करावा, जादा पुरावे मागावेत आणि व्हिसा देणे ‘पुढे ढकलावे, पुढे ढकलावे आणि पुढे ढकलावे’. हे वाक्य वाचले गेले तेव्हा सभागृहात काही जण हसले. सरकारी कचेरीत खेटे घालणाऱ्या कोणालाही येईल तसे ते ओळखीचे हसू होते. दोनच क्षणांत ते थांबले आणि नंतर त्या भागाच्या शेवटापर्यंत खोकल्याचासुद्धा आवाज आला नाही. घरी पाहताना मी त्या वाक्यावरून पुढे गेले असते.

तिसरा भाग १९४२ नंतरचा आहे आणि तो पाहणे सर्वांत कठीण आहे. जिनिव्हाहून जागतिक ज्यू काँग्रेसचे गेरहार्ट रीगनर यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये पाठवलेली तार, तिच्यातील संहाराची वार्ता परराष्ट्र खात्याने दाबून ठेवणे, नोव्हेंबरमध्ये अमेरिकन ज्यूंचे नेते रब्बी स्टीफन वाइज यांनी वीस लाख ज्यू मारले गेल्याचे जाहीर करणे आणि वर्तमानपत्रांनी ती बातमी आतल्या पानांवर टाकणे हा सगळा क्रम येथे कागदपत्रांनिशी उभा राहतो. अर्थखात्यातील काही तरुण अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या परराष्ट्र खात्याविरुद्ध अहवाल लिहिला आणि अर्थमंत्री हेन्री मॉर्गेन्थाऊ तो प्रश्न घेऊन राष्ट्राध्यक्षांकडे गेले. त्यातून २२ जानेवारी १९४४ रोजी ‘वॉर रेफ्युजी बोर्ड’ हे निर्वासितांसाठीचे मंडळ स्थापन झाले. याच बोर्डाच्या पाठबळाने स्वीडनचे राउल वालेनबर्ग हंगेरीतील ज्यूंना वाचवण्यासाठी बुडापेस्टला गेले. मंडळाने पुष्कळ जीव वाचवले, पण त्याच वर्षी मे ते जुलै या आठवड्यांत हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यू प्रामुख्याने आउशविट्झला पाठवले गेले. या दोन्ही गोष्टी एकाच भागात ऐकताना मनाची जी ओढाताण होते ती दिग्दर्शकांनी सोडवायचा प्रयत्न केलेला नाही, हे मला योग्य वाटले. अमेरिकेने नाझी काळात सव्वादोन लाखांच्या आसपास निर्वासितांना आसरा दिला, हा आकडा इतर कोणत्याही सार्वभौम देशापेक्षा मोठा आहे, हेही मालिका लपवत नाही.

काही उणिवा आहेत. पत्रे आणि नोंदी वाचण्यासाठी मेरिल स्ट्रीप, लियम नीसन यांच्यासारखे विख्यात कलावंत घेतले आहेत. त्यांचे वाचन संयत आहे, पण ओळखीचा आवाज ऐकला की लक्ष क्षणभर पत्र लिहिणाऱ्यावरून वाचणाऱ्याकडे जाते. शेवटी शार्लट्सव्हिलमधला गोऱ्या वंशवाद्यांचा मोर्चा, पिट्सबर्गच्या सिनेगॉगमधील हत्याकांड आणि ६ जानेवारी २०२१ चा अमेरिकी संसदभवनावरील हल्ला एकापाठोपाठ एक येतात. तोवर प्रत्येक विधानामागे कागद दाखवणारी मालिका येथे मात्र केवळ दृश्ये शेजारी शेजारी ठेवते. ते म्हणणे मला पटते, तरीही त्याची मांडणी घाईची वाटते. रूझवेल्ट यांच्याविषयी दिग्दर्शक थोडे हळवे आहेत, असा आक्षेपही अनेकांनी घेतला आहे आणि तो अगदीच निराधार नाही.

मला सर्वाधिक खटकली ती ब्रिटिश साम्राज्याविषयीची त्रोटक मांडणी. मालिका अमेरिकेविषयी आहे हे मान्य. पण दारे कोणाकोणाची बंद होती हे सांगताना साम्राज्याच्या वसाहतींचा, त्यांतही हिंदुस्थानचा, उल्लेख यायला हवा होता. थोडे का होईना, मध्य युरोपातले ज्यू मुंबईला पोहोचले होते. तिथे १९३४ मध्ये स्थापन झालेली ज्यूइश रिलीफ असोसिएशन त्यांच्यासाठी हमी देण्याचे काम करत होती, कारण ब्रिटिश सरकारही हमीशिवाय प्रवेश देत नव्हते. आकाशवाणीची सकाळची ओळखधून रचणारे म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते वॉल्टर काउफमन त्याच वर्षी मुंबईत आले होते. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तरुण चित्रकारांना आधार देणारे वॉल्टर लांगहामर आणि एमॅन्युएल श्लेसिंगर हेही नाझी राजवटीमुळे मुंबईत आलेले. युद्ध सुरू झाल्यावर जर्मनीतून पळून आलेल्या यांतल्या काहींना ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून अहमदनगर आणि पुरंदर येथे अडकवून ठेवले गेले, ही तर मराठी मुलखात घडलेली गोष्ट आहे.

म्हणूनच ही मालिका पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या फिल्म सोसायट्यांनी आणि महाविद्यालयांनी प्रदर्शनाचे रीतसर हक्क घेऊन दाखवावी असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे हिटलरचे आत्मचरित्र पदपथावरच्या पुस्तकविक्रेत्यांकडे सर्रास मिळते. २००६ मध्ये खारघरला त्याच्या नावाचे उपाहारगृह निघाले होते आणि मुंबईच्या ज्यू समाजाने विरोध केल्यावर ते नाव बदलावे लागले. अशा ठिकाणी काय घडले होते ते शांतपणे, पुराव्यांसह आणि चार लोकांच्या सोबतीने पाहण्याची सोय असायला हवी. कोकणातून आलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाचे मुंबई-ठाण्यातील लोक चर्चेसाठी मिळाले तर फारच चांगले. मराठी उपशीर्षके करून घ्यावीत. ती शक्य नसतील तर कोटा, हमीपत्र, वकिलात यांची व्यवस्था समजावणारे एक पानी टिपण प्रत्येक खुर्चीवर ठेवावे, कारण ती समजली नाही तर अर्धी मालिका डोक्यावरून जाते.

तीन संध्याकाळी जुळवणे अनेक संस्थांना जमणार नाही याची मला कल्पना आहे. तसे असेल तर तिन्ही भागांतले वेचे काढून दाखवण्याच्या भानगडीत पडू नये. एकच संध्याकाळ हाती असेल तर दुसरा भाग, १९३८ ते १९४२ चा, अखंड दाखवावा. त्याच्या आधी १९२४ च्या कायद्याची माहिती कोणा जाणकाराकडून दहा मिनिटांत सांगून घ्यावी, मध्ये विश्रांती ठेवावी आणि चर्चेसाठी कमीत कमी पाऊण तास राखून ठेवावा. सोळा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय बसवू नये. शाळांसाठी स्टर्न, मेंडेलसोन आणि फ्रँक यांचे प्रसंग निवडून, शिक्षकांनी आधी स्वतः पाहून, वर्गात दाखवणे अधिक सोयीचे होईल.